उजव्या बाजूचा दिवा

गाडीच्या हेडलाइटला आतून काळा रंग द्यायचा, हे माझ्या नवऱ्याच्या डोक्यात मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिरलं. आमची गाडी जुनी, पांढरी, चारचौघींसारखी. दिव्याच्या काचेआड बल्बभोवती एक चंदेरी चौकट असते. ती काळी केली की गाडीचा चेहराच बदलतो, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी दिवा गरम करून त्याची काच सोडवावी लागते. त्यांनी माझा केक करायचा ओव्हन मागितला.

"त्यात मी खायचं करते," मी म्हटलं.

"तुह्या ओव्हनले काई होत नाई. पाच मिनिटाचं काम हाये."

पाच मिनिटांचं काम रविवारची दुपार खाऊन गेलं. घरभर डिंकासारखा जळका वास सुटला. पण संध्याकाळी डावा दिवा गाडीला बसवून ते अंगणात मागे मागे सरकत गेले आणि फाटकापाशी उभं राहून म्हणाले, "काजय घातल्यावानी दिसते का नाई?" खरंच तसं दिसत होतं. फक्त एकाच डोळ्यात काजळ. उजवा पुढच्या रविवारी करू, म्हणाले.

त्याच आठवड्यात ऑफिसात डबा खाऊन हात धुवायला उठले आणि बेसिनपाशीच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरवी झाली. मुलगा बंगळुरूला परत गेला, अकोल्याहून आलेला माझा मोठा भाऊ परत गेला. माझी शाळा सुरू झाली. अमरावतीतलं आमचं घर तसं लहान, दोन खोल्या आणि पुढे अंगण, पण तेवढंही मला उरायला लागलं. सकाळी शाळेत जाताना गाडीला वळसा घालून फाटक गाठावं लागायचं. एक दिवा काळा, एक पांढरा. आधी गल्लीतले लोक ह्यांना थट्टेनं विचारायचे, गाडीच्या एका डोयात मोतीबिंदू झाला का म्हणून. आता कोणी विचारत नव्हतं. गाडीकडे बघायचे आणि नजर काढून घ्यायचे.

दिवाळीच्या सुट्टीआधी भावाचा फोन आला. अकोल्याजवळ फुलशेती करणारं एक कुटुंब जुनी गाडी शोधत होतं. गाडी विकायचं ठरल्यावर मी दादाला पाठवलेला फोटो त्यांना आवडला होता. "फक्त विचारून राहिले, दोन दिवे दोन तऱ्हेचे कावून? मी म्हटलं दोन्ही नवे टाकून देऊ. इथं मिस्तरी हाये आपल्या ओळखीचा."

"थांब दादा," मी म्हटलं. "उजवा मी करते."

"तू?"

"सामान घरातच आहे."

तो म्हणाला, "कर बाई. तुले वाटते तर कर."

जिन्याखालच्या फळीवर सगळं होतं. काळ्या रंगाचा स्प्रे, प्रायमर, पॉलिश पेपर, कागदी टेपचं भेंडोळं. टेपचं टोक त्यांनी सवयीप्रमाणे दुमडून ठेवलं होतं, पुढच्या वेळी सापडावं म्हणून. ते टोक उलगडताना मी जरा थांबले. मग उलगडलं.

बंपर ढिला करून दिवा काढणं मला जमण्यासारखं नव्हतं, त्यासाठी चौकातल्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने दिवा माझ्या हातात दिला. "काकू, काका नाई काय घरी?" त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो हातातला पाना पुसत राहिला, आणि जाताना म्हणाला, "दिवा बसवाले बोलवा, मी येतो."

ह्यांनी बघितलेल्यांतला एक व्हिडिओ मी चार-पाच वेळा बघितला. दिवा ओव्हनमध्ये ठेवला आणि समोर स्टुलावर बसून राहिले. काच चिकटवलेल्या डिंकाचा वास आला तेव्हा मला बरं वाटलं, हे कोणाला सांगितलं तर चमत्कारिक वाटेल. त्या रविवारी याच वासावरून मी कुरकुरले होते. जाड हातमोजे घालून दिवा बाहेर काढला, फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून काच हळूहळू सोडवली. डिंकाच्या काळ्या तारा निघाल्या, जिलबीचं पीठ ताणावं तशा. बल्बमागच्या चकचकीत वाटीला बोट लावायचं नाही, एवढं मला आठवत होतं. त्यावरून त्यांनी मला तेव्हा दरडावलं होतं. "हात नको लावू त्याले, डाग कधीच जात नाई." मी त्या वाटीवर टेप लावला, चौकटीचे स्क्रू काढले, ती पॉलिश पेपरनं घासली. चंदेरी चमक गेली आणि खालचं राखाडी प्लास्टिक दिसू लागलं.

पहिला हात घाईत दिला. रंगाचे ओघळ आले. वाळू दिलं, घासलं, पुन्हा दिलं. लांबून, हलक्या हाताने, एक थर सुकला की दुसरा. गच्चीत वर्तमानपत्र पसरून मी त्या एवढ्याशा चौकटीपाशी दिवस दिवस बसत होते. एरवी सुट्टीचा दिवस कसा सरायचा, याची मला धास्ती वाटायची. त्या दिवसांत वाटली नाही. मात्र रंग वाळत असताना हाताला काही काम नसायचं, आणि तेव्हा घर पुन्हा ऐकू यायला लागायचं. पाण्याच्या टाकीचं थेंब थेंब, फ्रिजची घरघर.

शेजारची बाई वाळवण काढायला तिच्या गच्चीवर आली. "काय करून राहिल्या ताई?"

"गाडीच्या दिव्याला रंग देतेय."

ती कठड्याला टेकून बघत राहिली. "भाऊजी गेल्यापासून तुमच्या घरातून काई आवाजच येत नव्हता," ती म्हणाली. "काल घासल्याचा आवाज आला तं मी ह्यांना म्हटलं, ऐका."

काच परत चिकटवून गॅरेजवाल्याकडून दिवा बसवून घेतल्यावर मी दोन्ही काचा पुसायला घेतल्या. तेव्हा डाव्या दिव्यात मला एक केस दिसला. काचेच्या आत, काळ्या रंगात चिकटलेला, आखूड आणि पांढरा. त्यांच्या मिशीचा असणार. वाकून काम करताना पडला असेल, त्यांच्या लक्षात आला नसेल. मी काचेवर बोट ठेवलं. ती काच उघडता आली असती, कशी उघडायची ते मला आता येत होतं. मी उघडली नाही. फडकं पिळलं आणि बाकीची गाडी धुतली.

दुसऱ्या दिवशी माझ्या दिव्यात आतून वाफ धरलेली दिसली. डिंक नीट बसला नव्हता, पाणी शिरलं होतं. गॅरेजवाला पुन्हा आला, ओव्हन पुन्हा तापला. या वेळी मी काच दाबून चारी बाजूंनी कपड्यांचे चिमटे लावले. मग बादलीभर पाणी ओतून पाहिलं. आत थेंबही गेला नाही. त्या आनंदात मी फोटो काढून मुलाला पाठवला. त्याने अंगठा पाठवला. संध्याकाळी फोनवर म्हणाला, "आई, विकायचीच आहे ना? मग एवढं कशाला?" मी जेवलास का, असं विचारलं.

अकोल्याला गाडी मीच घेऊन गेले. पूर्वी अधूनमधून शाळेपर्यंत चालवली होती, हायवेवर कधी एकटी गेले नव्हते. मूर्तिजापूरच्या पुढे दुधाच्या एका टँकरमागे गाड्या थांबल्या. टँकरची मागची बाजू स्टीलची, आरशासारखी. त्यात समोरून माझी गाडी दिसली. दोन्ही डोळ्यांत काजळ, आणि पुढच्या काचेमागे मी, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून. शेजारची सीट मोकळी होती. टँकर हलला तशी मीही निघाले.

भावाच्या दारात तो फुलवाला, त्याची बायको आणि त्याची आई वाट पाहत होते. फुलवाल्याने वाकून दिवे पाहिले. "मस्त केले. कोणाकडून केले?"

"एक ह्यांनी केला, एक मी," मी म्हटलं.

कोणता कोणी, हे त्याने विचारलं नाही. त्याच्या बायकोने स्वतःच्या शेतातल्या झेंडूचा हार बॉनेटवर घातला, हळद-कुंकू लावलं. नारळ फोडायची वेळ आली तशी मी सवयीने मागे सरकले. गेल्या काही महिन्यांत मला मागे सरकायची सवय झाली होती. त्याच्या आईने नारळ माझ्यापुढे धरला.

"तुमीच फोडा."

"मी कशी?"

"कावून? गाडी तुमची होती. तुमच्या हातानं येऊ द्या आमच्या घरी."

मी भावाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मी नारळ घेतला आणि पायरीवर आपटला. एका घावात फुटला. पाणी माझ्या साडीवर उडालं. त्यांनी खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला आणि गाडी सुरू करून निघाले. वळणावर त्याने हॉर्न दिला.

भाऊ राहा म्हणाला. वहिनीने पोळ्याही टाकल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी शाळा उघडायची होती, आणि राहिले असते तर परत जाणं जड गेलं असतं. तो मला स्टँडवर सोडायला आला. एसटीत खिडकी मिळाली. बाहेर कपाशी फुटली होती. शेजारी बसलेल्या म्हातारीने संत्रं सोलून अर्धं माझ्या हातात ठेवलं आणि झोपी गेली.

घरी आल्यावर दिवा लावला, चपला काढल्या आणि भावाला फोन केला.

"पोचली."

"जेवली का?"

"आता टाकते खिचडी."

"टाक," तो म्हणाला. पण फोन त्याने लगेच ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तांदूळ धुऊन होईपर्यंत तो चालूच होता.