अर्जावरचा झेंडू

आज शनिवार. मारुतीसाठी ओवलेली झेंडूची माळ मारुतीला पोचली नाही. ती कुठे गेली ते वहीत लिहून ठेवते, म्हणजे उद्या देवाने विचारले तर उत्तर हाताशी असेल. पण त्यासाठी आधी शेजारच्या जगदेवभाऊंची हकीकत सांगावी लागेल.

जगदेवभाऊ मालेगावातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात एकोणतीस वर्षांपासून कारकून. काम एकच, कोरे अर्ज देणे. रजेचा, बदलीचा, दाखल्याचा, सगळे अर्ज लोखंडी कपाटात आणि कपाटाची चावी करगोट्याला. पहिल्या खेपेस त्यांनी कुणाला अर्ज दिला असे मी ऐकले नाही. "संपले, सोमवारी या." सोमवारी गेले की, "कायले पाहिजे?" माणसाने कारण सांगितले की मान हलवायचे, "हे कारण चालत नाही," मग आपणच दुसरे सुचवायचे आणि तेव्हा कुठे चावी फिरायची. लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला बसवत ते या कपाटामुळे. त्यांची बायको विजयमाला म्हणते, "आमच्या देवघराले कुलूप नाही बाई, देव तिकडे कपाटातच असते."

गेल्या वर्षी संस्थेचे अर्ज संगणकावर गेले. वाशीमहून वैभवी नावाची पोरगी हे काम करायला आली. पडद्यावर अर्ज भरला की तो आपोआप एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि शेवटी सचिवसाहेबांकडे. फक्त मुख्याध्यापकांची सही कागदावर लागते. म्हणून अर्ज छापून घ्यायचा, सही घ्यायची आणि त्याचा फोटो परत चढवायचा. चढवायची सोय वैभवीने केली. उतरवून घ्यायच्या सोयीचे तिने जगदेवभाऊंना विचारले.

"काका, कोणकोणत्या अर्जाले डाउनलोडचं बटण देऊ?"

"एकाही नको देऊ."

"मंग लोक सही कशावर घेतीन?"

"येतीन न माह्यापाशी."

लोक आले नाहीत. दसऱ्याला जगदेवभाऊंनी कपाटाऐवजी संगणकाची पूजा केली. पडद्यावर अनुभव दाखल्याचा अर्ज उघडा होता. त्यावर त्यांनी झेंडूची माळ घातली आणि ती घसरू नये म्हणून कोपऱ्यात अंगठ्याने दाबून धरली. "भाऊ, धरा तशीच, पूजेचा फोटो घेतो," म्हणत संस्थेच्या शाळेतल्या सतीशसरांनी मोबाइल काढला. त्या फोटोच्या प्रती दुसऱ्या दिवसापासून स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळू लागल्या. वर झेंडू, कोपऱ्यात अंगठा, मध्ये अर्ज. सगळ्या शाळांचे लोक त्यावरच सह्या घेत आणि सचिवसाहेब मंजूर करत. जगदेवभाऊंच्या टेबलाकडे कुणी फिरकेना. ते तरी रोज चावी लावून कपाट उघडत, आत पाहत आणि पुन्हा बंद करत.

झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून अक्षर पुसट झाले, तेव्हा साहेबांनीच बटणाचा हुकूम सोडला. याच मंगळवारी वैभवीने ते लावले. स्वच्छ, कोरा अर्ज बाहेर येऊ लागला आणि पहिला घेतला आमच्या भागिरथाबाईने.

भागिरथाबाई अकरा वर्षांपासून संस्थेच्या शाळेत खिचडी शिजवते. केनवडच्या एका वसतिगृहात स्वयंपाकिणीची कायमची जागा निघाली होती. अनुभवाचा दाखला आज सायंकाळपर्यंत नेऊन दिला तरच जागा तिची. मुख्याध्यापक काल सही करून लग्नाला अकोल्याला गेलेले. "ताई, संगं चाला, मले तेथं बोलता येत नाही," म्हणाली. मारुतीचे देऊळ त्याच वाटेवर, म्हणून माळ पिशवीत घालून मी निघाले.

कार्यालयात वैभवीने सही झालेल्या अर्जाचा फोटो चढवला. मिनिटभरात पडद्यावर लाल अक्षरे आली : नामंजूर. आम्ही तिघी साहेबांच्या खोलीत गेलो.

"हा अर्ज आपला नाही," साहेब म्हणाले.

"सर, आपलाच हाये. नव्या बटणातून काढला," वैभवी म्हणाली.

"आपल्या अर्जावर झेंडू असते. अंगठा असते. चार महिन्यांपासून मी ते पाहूनच मंजूर करून राह्यलो. बनावट कागद तं कोणीबी छापते."

"सर, तो झेंडू दसऱ्याचा..."

"नियम मले नका शिकवू, मॅडम."

भागिरथाबाईने वाद घातला नाही. दारात जगदेवभाऊ उभे होते, त्यांच्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, मले कागद पाहिजे."

चार महिन्यांनी कुणीतरी त्यांच्याकडे कागद मागत होते. सवयीने त्यांच्या तोंडून गेलेच, "कायले पाहिजे?"

"पोटाले."

जगदेवभाऊंनी दुसरे कारण सुचवले नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, "वहिनी, पिशवीत काय हाये?"

"मारुतीची माळ हाये, भाऊ."

"मारुती अडल्या माणसाचाच देव हाये न? आणा इकडं."

झेरॉक्स मशीनच्या काचेवर त्यांनी आधी माळ मांडली, कोपऱ्यात अंगठा टेकवला आणि वर सहीचा कागद पालथा घातला. वैभवीने हळूच विचारले, "काका, अंगठा डावा होता का उजवा?"

"डावा. उजव्यानं माळ सावरून राह्यलो होतो."

उजेड सरकला. छापील कागद साहेबांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "हं, आता कसं!" म्हणाले आणि मंजूर केला; मंजूर झाला की तो अर्जच दाखला. शिवाय वैभवीला हुकूम झाला, बटणामागे सगळे अर्ज असेच ठेवायचे. जगदेवभाऊ दुपारभर एकेका कोऱ्या अर्जावर अंगठा टेकत बसले. करगोट्याची चावी त्यांनी काढून कपाटालाच अडकवून ठेवली होती. मी माळ परत मागितली तर म्हणाले, "राहू द्या वहिनी, अजून बदलीचा बाकी हाये."

विजयमालाला सांगितले तर तिने डोक्याला हात लावला. "येत्या चैत्रात रिटायर होतेत. माणूस घरी येईन अन् अंगठा नोकरीवरच राहीन!"

मारुतीला आज रुईची पाने वाहिली. दिवेलागणीला केनवडहून भागिरथाबाईचा फोन आला. कागद घेतला, सोमवारपासून कामावर बोलावले.

"पण ताई, तेथच्या साहेबानं इचारलं, हा अंगठा कोणाचा?"

"मंग तू काय सांगितलं?"

"म्हटलं, आमच्या हापिसाचा."