भूल देणार नाही

मी लासूर स्टेशनच्या शेतकरी घरातली. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात सर्जरी शिकायला लागले तेव्हा आमच्या विभागात मी एकटी बाई. पहिल्याच दिवशी विभागप्रमुख म्हणाले, "बाळंतपणाचा वॉर्ड पलीकडं आहे."

"माहीत आहे, सर. मला इथंच यायचं होतं."

त्या उत्तराची शिक्षा वर्षभर चालली. बरोबरीची मुलं ऑपरेशनं करायला लागली आणि मी जखमेच्या कडा ओढून धरत उभी. रडले नाही, विभाग बदलूनही मागितला नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टर वयानं मोठ्या, शहागंजातल्या मुस्लिम घरातल्या. सगळे त्यांना आपा म्हणत. चहाच्या वेळी त्या मला बोलावून घ्यायच्या आणि सकाळी पाहिलेलं ऑपरेशन पहिल्यापासून तोंडी म्हणवून घ्यायच्या. चुकलं की एवढंच, "असं कापशील तर माझा पेशंट मरेल." कौतुक नाही, धीर देणं नाही.

एका सकाळी करमाडच्या शेतकऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. साधी केस, घाई नव्हती. सरांनी पुन्हा एका मुलालाच पुढं केलं. आपांनी भुलीची सुई खाली ठेवली.

"आज ही करेल. नाहीतर मी भूल देणार नाही."

"पेशंट तयार होईल का बाईच्या हातून?" सर हसले.

आपांनी त्यालाच विचारलं. टेबलावर पडल्या पडल्या तो म्हणाला, "रोज ह्या बाईच येऊन बघतेत मला. करू द्या की."

आपांनी भूल दिली आणि सर मदतीला टेबलापलीकडं माझ्यासमोर उभे राहिले. मी कापलं. तेच ऑपरेशन चहा पिता पिता कितीदा तरी केलेलं होतं. माणूस बरा होऊन घरी गेला.

सरांनी वर तक्रार केली आणि आपांची तालुक्याच्या दवाखान्यात बदली झाली. मी माफी मागायला गेले तर त्या भडकल्याच.

"कशाची माफी? तुझ्यावर उपकार नाही केले मी. इतकी वर्षं त्या ऑपरेशनच्या खोलीत एकटी उभी होते, मला सोबत पाहिजे होती. जा, उद्याची केस माग."

मी मागितली. सर नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली, सगळ्यांच्या देखत. मग रोजच. दिवाळीच्या आधी कधीतरी त्यांनी कंटाळून मान हलवली, माझ्याकडं न बघता.

नाही बघितलं तर नाही. मी ऑपरेशनसाठी हात धुवायला गेले.