सेल माझ्या खिशात होते

प्रथमतः नमूद करतो की, असल्या गोष्टींवर माझा कधीही विश्वास नव्हता. अंजनगाव सुर्जीच्या तहसीलसमोर मी तेवीस वर्षे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत असले तरी पुराव्याशिवाय एक ओळ कागदावर उतरवीत नाही. म्हणूनच हे लिहिताना हात अडखळतो आहे...

कापसाला भाव नव्हता, ती वर्षे. शेजारच्या रफीकभाईंनी आपला कापूस भाव येईपर्यंत आमच्या पुढच्या खोलीत रचला होता. त्याच खोलीत माझी आठवीतली मुलगी नंदा विज्ञान प्रदर्शनासाठी उष्णतेने वाजणारे यंत्र बनवीत होती — ट्यूबलाइटच्या जुन्या स्टार्टरची काच फोडून काढलेली पत्ती, दोन सेल, एक बझर. आच लागली की पत्ती वाकते, तारेला टेकते आणि बझर वाजतो. तालुक्यात नंबर आला तर थेट अमरावती. आठ दिवस पोरीला जेवणाचे भान नव्हते.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी, सेल उतरू नयेत म्हणून मी स्वतः ते काढून सदऱ्याच्या खिशात ठेवले. यंत्र कापसाच्या गंजीवर ठेवून ओट्यावर रफीकभाईंसोबत चहा घेत बसलो. आणि आत बझर वाजू लागला.

स्वयंपाकघरातून नंदा म्हणाली, “बाबा, कावून वाजवून राहिले? सेल उतरतीन ना.”

मी खिसा चाचपला. दोन्ही सेल तिथेच.

आत गेलो, तरी आवाज चालूच. पत्ती सरळ, हाताला थंड. रफीकभाईंनी मात्र गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन ओढून घेतला. आतला कापूस धुपत होता! दवात वेचलेला ओला माल तसाच दाबून भरला, हे त्यांनी नंतर कबूल केले. तिघांनी मिळून सारा कापूस अंगणात ओढला. बझर केव्हा थांबला, कुणालाच ठाऊक नाही.

मी तारा तपासू लागलो, तेव्हा रफीकभाई म्हणाले, “अर्जनवीस साहेब, घर वाचलं तुमचं. आता बझरले बी साक्षीदार मांगता का?”

दुसऱ्या दिवशी मेणबत्ती धरताच यंत्र व्यवस्थित वाजले. परीक्षकांनी सहज विचारले — सेल काढले तर? उत्तर पुस्तकातच होते. नंदाने माझ्याकडे पाहिले. खोटे बोलू नये, हे मीच शिकवलेले; आणि खरे सांगावे, तर नंबर गेलाच.

“वाजायला नको, सर,” ती म्हणाली.

परीक्षकांनी मान डोलावून गुण मांडले. आम्ही अमरावतीला गेलो. परंतु ‘वाजणार नाही’ असे तिने आजवर म्हटलेले नाही... आणि मीही तसे लिहून देऊ शकत नाही.