बिनवायरीच्या डब्या

मी लग्नाचं शूटिंग करतो आणि मांडवात स्क्रीन लावतो. आंबवड्याच्या एका लग्नाबद्दल मी घरीसुद्धा कधी बोललो नाही.

नवरीचे वडील अर्धांगानं खाटेवर होते आणि मांडव घरामागच्या वावरात. त्यांच्या खोलीत टीव्ही लावून कॅमेऱ्याचं चित्र तिथं पोचवायचं, एवढंच काम. त्यांच्या धाकट्या भावाची अट एकच होती. पोरीच्या नथीतला मोती दिसला पाहिजे.

इतकं स्वच्छ चित्र साध्या वायरीतून लांब जात नाही. मध्ये एक्स्टेंडर लागतो, म्हणजे दोन टोकांना दोन डब्या. माझ्याकडे दोन प्रकार होते. एकात दोन डब्यांना जोडणारी केबल टाकायची, दुसरा बिनवायरीचा. केबल आचाऱ्यांच्या चुलाण्याजवळून, टेम्पोच्या वाटेखालून न्यावी लागणार, म्हणजे पुरावी लागणार. भाऊ म्हणाले, चर आमी खणून देतो, माणसं हायेत. मी म्हणालो, गरज नाही, आता नवीन आलंय. खरं तर दुसऱ्या दिवशी पानशेतला काम होतं, आणि केबल उकरून, पुसून, गुंडाळत बसायचा मला कंटाळा आला होता.

सकाळी तपासून पाहिलं. स्टेजच्या झालरीची शिवणसुद्धा दिसत होती.

मंगलाष्टकं लागली आणि सगळा मांडव अक्षता घेऊन उभा राहिला. बिनवायरीचा सिग्नल माणसांच्या गर्दीतून जाताना मरतो, हे मला माहीत होतं. सकाळी मांडवात माणसं नव्हती.

मी तेव्हा नवरीच्या वडिलांजवळ खोलीतच होतो. टीव्ही काळा झाला. बाहेर कर्ण्यावर ‘सावधान’ झालं. त्यांनी चांगल्या हातातल्या अक्षता त्या काळ्या टीव्हीवर टाकल्या.

“लाईट गेली,” मी म्हणालो.

ते वर फिरत्या पंख्याकडं बघत होते. म्हणाले, “पंख्याला सांगा मंग तसं.”

लोक जेवायला हलले तेव्हा चित्र परत आलं. अगदी स्वच्छ. भटजी पिशवी भरत होते.

भाऊ घाम पुसत आत आले. “दादा, दिसला का मोती?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, फार वेळ नाही.

“दिसला की. लई झ्याक.”

भावानं खूश होऊन मला टॉवेल-टोपी दिली. मी टोपी तिथंच घातली. गुंडाळायला काही नव्हतं, त्यामुळे लवकर निघालो.