सुधाकररावांचं नाक

नेरडीगोंड्याजवळच्या आमच्या मराठी शाळेत अमृतराव सर गणित शिकवतात. म्हणजे फळ्यावर रीत लिहितात आणि कुणी "असं काऊन?" विचारलं की त्याचा कान पिरगाळतात. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवतो, त्यामुळे हा छळ मलाही रोज ऐकावा लागतो.

प्रयागबाईंनी वर्गखोलीसाठी शाळेला जागा दिली आणि बदल्यात एकच मागितलं. "आमच्या ह्यायले भिंतीवर मोठं करा. फोटोतले आता मले दिसत नाईत." सुधाकरराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे एवढासा फोटो उरला होता, आणि बाईंची नजर अधू.

काम अर्थातच अमृतरावांनी ओढून घेतलं. फोटोतला चेहरा चार सेंटीमीटर, भिंतीवर चाळीस हवा. "छत्तीसची वाढ! सगळ्या मापात छत्तीस मिळवा," हुकूम सुटला. सातवीच्या मुलांना एकेक अवयव वाटून दिला. नाक चंपतकडे, डोळे तेजस्विनीकडे. पोरांनी इमानेइतबारे पुठ्ठे कापले.

बाई येणार त्याच्या आदल्या दिवशी तुकडे जोडले. फोटोतलं एक सेंटीमीटरचं नाक सदतीस झालेलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसतं नाक! डोळे तर चेहऱ्यात मावेचनात.

"मोजाले चुकले, गाढवहो!" सर कडाडले. पुन्हा मोजलं. पुन्हा सदतीस.

तेजस्विनीनं नाक अर्धं कापून पाहिलं, तरी जमेना. चंपत मात्र कागदाची पट्टी फोटोवर सरकवत बसला होता. "सर, फोटोत नाक चारदा ठेवलं तं चेहरा भरते. इथं एकातच भरून राह्यला."

"तू गणितात नाक खुपसू नको!" सर म्हणाले आणि तणतणत चहाला गेले.

"इथंबी चारदाच बसाले पाह्यजे," तेजस्विनी हळूच बोलली. "चेहरा दहापट झाला, मंग नाकबी दहापट. मिळवाचं नाई, गुणाचं." कात्र्या पुन्हा चालल्या. मला इतका आनंद झाला की मी माझा तास सोडून पुठ्ठे धरायला गेलो.

सकाळी भिंतीवरचं चित्र पाहून मुख्याध्यापक खूश झाले. अमृतराव म्हणाले, "मी मुद्दाम चुकीची रीत दिली होती. पोरं स्वतःहून शिकावी म्हणून." मुख्याध्यापकांनी मान डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रयागबाई दारात आल्या.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. जागच्या जागी थबकल्या, आणि लगबगीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.