‘कुठल्या कोर्टात?’ विचारणारे कांबळे सर

चहात साखर घालू का विचारलं, की कांबळे सर विचारायचे, “कुठल्या कोर्टात?” त्यांच्या घरी त्यांच्या बायकोने, म्हणजे मावशींनी, साखर बंद केली होती. लंडनला हॅरोत माझ्या फ्लॅटवर मात्र ते दोन चमचे घ्यायचे. “तिकडचा निकाल इथं ऐकून घेतात. बांधील नसतात.” चेहऱ्यावरची रेष हलायची नाही.

सर मूळचे नागपूरचे वकील. लंडनच्या कोर्टात भारतीय कायद्याचा प्रश्न निघाला की तज्ज्ञ साक्षीदार म्हणून जायचे. “इथल्या जज्जला आपला कायदा ठाऊक असायची सक्ती नाही,” ते सांगायचे. “काल पाऊस पडला होता हे जसं सिद्ध करावं लागतं, तसा तो सिद्ध करावा लागतो.”

माझ्या घटस्फोटात नवऱ्याने मेख मारली. आमच्या लग्नात सप्तपदी नव्हती, म्हणून लग्नच झालं नाही, म्हणून घरावर माझा हक्क नाही. अहो, लग्न नागपुरात बौद्ध पद्धतीने लागलेलं. पांढरे कपडे, बुद्धमूर्तीपुढे प्रतिज्ञा. सप्तपदी येणार कुठून? आणि प्रतिज्ञा त्या मेल्यानेच माझ्यापेक्षा मोठ्याने म्हटली होती.

साक्षीला सरांनाच बोलावलं. “सर, माझ्या बाजूने जरा जोरात सांगा,” मी म्हटलं.

“मी कोणाच्याच बाजूने नाही. कायदा आहे तसा सांगणार.”

इतका राग आला, की त्या दिवशी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. तो ते मुकाट्याने प्यायले.

कोर्टात ते म्हणाले, भारताचा कायदा सप्तपदी सगळ्यांवर लादत नाही; वधू किंवा वराच्या समाजात रूढ असलेल्या विधीने लग्न लागलं तरी चालतं. नवऱ्याच्या बॅरिस्टरने विचारलं, “तुमचं लग्नही असंच झालंय ना? मग तुम्ही दुसरं काय सांगणार?”

“झालंय. पण मी ते वाचवायला आलेलो नाही.”

जज्जना ते पटलं. माझं लग्न झालं होतं असं ठरलं, आणि मग ते रीतसर मोडलं. बाहेर येऊन मी ढसाढसा रडले. सर शेजारी छत्री धरून उभे होते.

सर वारले, तेव्हा मी मावशींना भेटायला गेले. त्या सांगू लागल्या, “तुझ्या केसमधल्या साक्षीच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, पांढरी साडी काढून ठेव. उद्या जज्जला पटलं नाही तर आपण पुन्हा लग्न करू. मी म्हटलं, अहो, तिच्या केसचा निकाल आपल्याला कशाला लागू होतोय?”

“मग?”

“म्हणाले, नाही लागू. पण पहिल्या वेळी सगळं वडिलांनीच ठरवलं. तुला विचारायचं राहूनच गेलं होतं.”

मावशींनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

“मी साडीला इस्त्री करून ठेवली होती,” त्या म्हणाल्या.