पणजीचं माहेर

स्कारबरोच्या ज्या लायब्ररीत मी काम करते, तिथे दर मंगळवारी एक रिटायर्ड इंजिनिअर काका येतात. कॉम्प्युटरच्या स्क्रीनला चक्क लाकडी फूटपट्टी लावून ते जुन्या जनगणनेतली नावं मोठ्याने वाचतात. नावं त्यांच्या घराण्यातली नाहीत. त्यांच्या शेजारच्या गोऱ्या आजी पाच वर्षं स्वतःच्या पणजीचं माहेर शोधत होत्या, ते काम काकांनी अंगावर घेतलं होतं.

परवा त्यांना पणजीच्या थोरल्या मुलाच्या लग्नाची नोंद मिळाली. त्यात त्याचं जन्मगाव सासरचं गाव सोडून भलतंच निघालं.

काका मला म्हणाले, "अगं, पहिलं बाळंतपण माहेरी! त्या गावाचा सेन्सस काढ."

मी ते शेजारी बसलेल्या आजींना इंग्रजीत सांगितलं. "आमच्यात तशी पद्धत नाही," त्या म्हणाल्या.

"पोर अडली की आईकडेच जाते," काकांनी इंग्रजीतच ठणकावलं आणि फूटपट्टी सरकवली.

अकराव्या पानावर पणजी सापडली. आईवडिलांच्या घरात, सासरच्या आडनावाने, सोबत दोन महिन्यांचं बाळ.

"सापडलं माहेर!" काका ओरडले. आजी रडायलाच लागल्या. काकांनी डबा उघडून बेसनाचा लाडू त्यांच्या तोंडात कोंबला.

लायब्ररीत खायला मनाई आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं. दुसरा लाडू त्यात गेला.